नेवता न दिलेली एरंडी

१६ जानेवारी २०११, रविवार

आधी आली ती शेजारची पुष्पाबाईच. पाहुणे कोणाकडेही येवोत, आधी पुष्पाबाई येते. ओले हात पदराला पुसत दारात उभी राहिली आणि म्हणते, "काकी, गाडी कोनाची येऊन राहिली व तुमच्या इथं?" गाडी अजून पांदणीच्या वळणावर होती. हिला आवाजावरून समजली. असे कान माझे असते तर मी तिसरीत शाळा सोडली नसती, मास्तर मागच्या बाकावरही ऐकू आले असते.

गाडीतून वारासिवनीवाले उतरले. आमच्या योगेश्वरीला पाहायला. तोंडाने म्हणाले, तिळगूळ द्यायला आलो. तिळगूळ द्यायला कोणी दुसऱ्या राज्यातून जीप करून येत नाही. ते टेकतात न टेकतात तोच योगेश्वरीचे सर गोंदियाहून मोटारसायकलवर आले. त्यांनी कोणाकडे पाहिलं नाही. थेट मागच्या वाडीत गेले, माझी तांबडी एरंडी पाहायला. वारासिवनीची बाई मला विचारते, "ये कौन हैं?" मी म्हटलं, "आमच्या एरंडीला पाहायला आले." ती हसली. "एरंडी को भी देखने आते हैं लोग?"

मी म्हटलं, "येतात ना बाई. आणि तिला चालून दाखव म्हणत नाहीत."

कारण तिने योगेश्वरीला अंगणात चालवून पाहिलं होतं. माझ्या नातीला. औषधाचं अठरावीपर्यंत शिकणाऱ्या पोरीला. मला एवढा राग आला की भज्यात मीठ दोनदा पडलं. बरंच झालं.

सरांनी एरंडीला लाल फीत बांधली, नंबर लिहून. घोस उंच होते, म्हणून माझ्या धनेंद्रने फांदी वाकवून धरली. सर म्हणाले, "काका, हे झाड जपा. योगेश्वरीचं सगळं काम याच झाडावर आहे." धनेंद्र म्हणाला, "हो." माझा लेक कमी बोलतो.

पाहुणे गेल्यावर मात्र बोलला. योगेश्वरीला म्हणतो, "होळीपर्यंत तुझं काम झालं तर झालं. पुढचं वर्ष मी देत नाही. वारासिवनीवाले होळी झाली का उत्तर मागतील." पोरगी म्हणाली, "होते बाबूजी." आणि भांडी घासायला गेली. माझी सून जमुना तिच्यामागे गेली. जमुना तर धनेंद्रहूनही कमी बोलते. या घरात बोलायचं सगळं काम माझ्यावर येऊन पडलं आहे.

१९ जानेवारी

ही डायरी खताच्या दुकानातली. प्रत्येक पानावर युरियाचं पोतं छापलं आहे. योगेश्वरीने दिली आणि म्हणाली, "आजी, तू दिवसभर बोलतेस, थोडं लिहीत जा." टोमणा होता की प्रेम, समजलं नाही. पण अक्षर सुधारून राहिलं आहे.

एरंडीचं लिहून ठेवते, म्हणजे विसरणार नाही. दिवाळीत योगेश्वरीने या झाडाचे अर्धे घोस नेले आणि कॉलेजात यंत्राने दाबून तेल काढलं. आता उरलेले घोस पिकले की त्यांचं तेल मी काढायचं, माझ्या पद्धतीने. बी भाजायची, कुटायची, पाण्यात उकळायची, वर आलेलं तेल पळीने काढून पुन्हा कढवायचं. मग दोन्ही तेलं तपासायची, उकळल्याने औषध मरते की राहते ते पाहायचं. झाड एकच पाहिजे, नाहीतर पुन्हा पहिल्यापासून.

दिवाळीच्या तेलाचा निकाल मला तोंडपाठ आहे. रिसिनोलिक नावाचं आम्ल शंभरात शहाऐंशी. पोट साफ करते ते हेच, आणि गुडघ्याची सूज ओढते तेही बहुतेक हेच, असं पोरगी म्हणते. "बहुतेक" काऊन म्हणते ते तीच जाणे. माझ्या गुडघ्याला विचारलं असतं तर एका दिवसात निकाल लागला असता. बाकीच्या चौदात दुसरी तेलकट भावकी.

शंभरात शहाऐंशी! आमच्या घरात एवढे मार्क कोणाला मिळाले नाहीत, योगेश्वरी सोडून. मी सगळ्या गल्लीला सांगितलं. पुष्पाबाईचं तोंड एवढंसं झालं. ती योगेश्वरीला म्हणते, "माझ्या एरंडीले किती मिळतीन व?" पोरगी माझ्याकडे पाहून थोडी थांबली. मग म्हणाली, "काकू, तपासल्याशिवाय कसं सांगू?" पाहा, शिकलेली माणसं किती सांभाळून बोलतात. पुष्पाबाईचं मन दुखवलं नाही.

आणखी एक. बीमध्ये रिसिन नावाचं जहर असते. ते तेलात उतरत नाही, चोथ्यात राहते, आणि उकळलं की मरते. म्हणूनच न उकळलेला चोथा जनावराला घालत नाहीत, एवढं मला सासूने सांगितलं होतं. पण गरोदर बाईला एरंडेल पाजू नये हे सासूने नाही सांगितलं, ते योगेश्वरीने सांगितलं. मी तिच्यावर चिडले. मग दिवसभर आठवत बसले, कोणाकोणाला पाजलं.

२६ जानेवारी

शाळेत झेंडा झाला. लाडू शिळा होता.

धनेंद्र पोरीशी बोलत नाही. ती गोंदियाला निघाली तेव्हा हा गोठ्यात. मी म्हटलं, "अरे, जाऊन राहिली ना ते!" म्हणतो, "दिसते मले." दिसते तर बाहेर ये ना, बाप्पा! गायी पळून जाणार होत्या का?

७ फेब्रुवारी, सोमवार. मुर्री

आज गोंदियाजवळ मुर्रीला आहे, रामबाईकडे. रामबाई माझी धाकटी बहीण, योगेश्वरी तिच्याच घरी राहून कॉलेज करते. रामबाईला ताप आहे म्हणून आले. सकाळी येऊन संध्याकाळी परत जायचं होतं. पण योगेश्वरी दिवसभर कॉलेजात, आणि इथे गोळी कोणी वेळेवर देत नाही. तिच्या सुनेला टीव्हीतून डोळा काढवत नाही. तिला बोलले. ती हिंदीत रुसली. या गोंदियाच्या बाजूच्या सुना मराठीत हसतात आणि हिंदीत रुसतात.

उद्या वसंतपंचमी. उद्या गावात होळीचा दांडा गाडतात, आणि तो आमच्याच वाडीतल्या एरंडीचा लागतो. आमचे लोक माळव्यातून आले तेव्हापासूनचा हा मान आहे, असं सासरे सांगत. दांड्याचं झाड असंच तोडत नाहीत. आदल्या संध्याकाळी घरातल्या बाईने त्याला नेवता द्यायचा. म्हणजे हळद-तांदूळ वाहायचे, लाल धागा बांधायचा आणि सांगायचं, बाई, उद्या तुला न्यायला येतील, ये. सकाळी माणसं बाजा घेऊन येतात आणि लाल धागा पाहून तेच झाड नेतात.

विहिरीजवळ एक वाकडी एरंडी आहे, ती मी यंदासाठी ठरवून ठेवली आहे. गावाकडची शेवटची काळीपिवळी जीप निघून गेली, म्हणून रामबाईच्या नातवाच्या फोनवरून धनेंद्रला सांगितलं, "जमुनाच्या हातून नेवता देऊन घे. विहिरीजवळच्या झाडाले. समजलं?" म्हणाला, "हो." झालं, काळजी मिटली.

८ फेब्रुवारी, मंगळवार

राग मावत नाही म्हणून लिहिते.

नेली. माझी तांबडी एरंडी नेली. दुपारी पोहोचले तर वाडीत नुसता खुंट, आणि विहिरीजवळची वाकडी जशीच्या तशी उभी. जिच्यावर पोरीचं काम, तीच मुळाशी तोडली आणि नाचत नेऊन आखरावर, गावच्या होळीच्या मैदानात गाडली, घोसांसकट. केशोरावने! हा माझा चुलतदीर, गावाची होळी तोच पेटवतो. दरवर्षी याच्या ताटात मी पहिली पोळी वाढते.

तशीच त्याच्या घरी गेले. केशोराव खाटेवर बसून शेंगा फोडत होता. म्हटलं, "भाऊजी, डोळे आहेत का बटनं? कोनतं झाड तोडलं?"

"लाल धागा होता ते तोडलं, वैनी. दरसालप्रमाने."

"धागा कुठचा? फीत होती ते, सरांची! दिवाळीपासून पोरीचं काम आहे त्या झाडावर."

"आता मले काय मालूम? लाल ते लाल." आणि शेंग तोंडात टाकली.

मी म्हटलं, घोस तरी काढून द्या. तर कान धरतो. "होळीचं झालं ते. गाडलेल्या दांड्याले हात लावला तर साऱ्या गावावर येते. तुमालेच ठाऊक नाही का?"

मलाच ठाऊक आहे. तेच तर.

घरी धनेंद्र जेवत होता. म्हणाला, "जाऊ दे ना माय. देवाचं होतं, देवानं नेलं." भाजी पुन्हा मागून घेतली. धनेंद्रला वांगं फार आवडते.

९ फेब्रुवारी

योगेश्वरी आली. रडली नाही. खुंटाजवळ बसली, हाताने माप घेतलं, मग सरांना फोन केला. सर म्हणाले, वरचे घोस पिकत आलेले होते, चार-पाच दिवसांत मिळाले तर चालतील. उन्हात फुटून बी मातीत पडली आणि दुसऱ्या बीत मिसळली तर कामाची नाही. मग नवं झाड, नवं वर्ष.

नवं वर्ष तिला कोण देते? होळी झाली की वारासिवनी.

ती आखरावर जाऊन उभी राहिली, दांड्यापासून लांब. घोस दिसत होते. पोरं तिथेच फाटे आणून टाकत होती. परत येऊन म्हणाली, "आजी, मी रात्री जाऊन तोडू शकतो. कोनाले समजनार नाही."

मी म्हटलं, "चोरी कायले करशील व? माल आपला आहे."

पण आपला कसा, ते मलाही सुचत नव्हतं. घरातून नेवता गेला आणि दांडा गाडला की झाड आपलं राहत नाही.

१० फेब्रुवारी

सकाळी तांदूळ निवडताना जमुनाला सहज म्हटलं, "विहिरीजवळच्या झाडाले नेवता देऊनही मेल्यांनी भलतंच तोडलं." तिचा हात थांबला. म्हणते, "कोनी देल्ला नेवता?"

"तूच ना. धनेंद्रले सांगितलं होतं मी."

"मले कोनी नाही सांगतलं, माय."

धनेंद्र विसरला. दुसरं काय! उन्हाळी धानाची रोवणी, चोरखमाऱ्याच्या तलावाच्या पाण्याची पाळी, माणसाला किती गोष्टी ध्यानात राहतील! मी त्याच्यावर थोडी चिडले, पण मनातल्या मनात.

आणि मग सुपातले तांदूळ तसेच ठेवून मी उठून उभी राहिले. गुडघा दुखला नाही, इतकी पटकन. अरे, नेवताच दिला नाही तर झाड होळीचं झालंच कुठे?

११ फेब्रुवारी, शुक्रवार

आज गावाने माझा आवाज ऐकला. पुष्पाबाई म्हणते, तळ्यापर्यंत गेला.

भर सकाळी आखरावर गेले. केशोरावला बोलावून घेतलं. माणसं जमली. मी म्हटलं, "भाऊजी, या झाडाले नेवता नव्हता. बिनबोलावलेली एरंडी गाडली तुमी. असली होळी पेटवसान तर गावावर काय येईन, ते तुमीच सांगा सगळ्याईले."

केशोरावचा रंग उडाला, पण हटला नाही. "धागा होता. मी माह्या डोऱ्यानं पाह्यला."

मी फीत त्याच्या नाकासमोर धरली. वाडीतच पडली होती, कापून फेकलेली. "हा धागा? याच्यावर इंग्रजी नंबर आहे. देव इंग्रजीत नेवता घेते का?"

माणसं हसली. केशोरावला ते लागलं. तो ओरडला, "मी एकटाच का आंधरा? विचारलं होतं मी! धनेंद्रले म्हनलं, दोन झाडं आहेत, कोनतं? त्यानंच बोट दाखवलं, लाल बांधलेलं न्या म्हनून."

तेव्हा माझा जो तोल गेला! माझ्या लेकावर आळ? ज्याने स्वतः फांदी वाकवून धरली, सरांनी ज्याच्या देखत फीत बांधली, तो असं सांगेल? मी केशोरावला नाही नाही ते बोलले. त्याच्या बापापर्यंत गेले. लिहीत नाही, युरियाच्या पोत्याला ऐकवत नाही. धनेंद्र गर्दीच्या मागे उभा होता. म्हटलं, सांग रे याले! तो चपलेने माती उकरत राहिला. भांडण त्याला लहानपणापासून जमत नाही.

केशोराव म्हणाला, "धनेंद्रच्या घरच्या बाईनं देल्ला असन नेवता. फितीवरून काय समजते?"

आणि मागून आवाज आला.

"मी नाही देल्ला."

जमुना. डोक्यावर पदर, हातात शेणाची पाटी, गोठ्यातून तशीच आलेली. एवढ्या वर्षांत आखरावर तिचा आवाज कोणी ऐकला नव्हता. तिने केशोरावकडे पाहिलं नाही. धनेंद्रकडे पाहिलं आणि पुन्हा म्हणाली, "मले कोनी सांगतलंच नाही. माह्या हातचा धागा त्या झाडाले नव्हता. पोरीचं झाड आहे ते, पोरीले द्या."

आणि पाटी घेऊन निघून गेली.

म्हातारी माणसं कुजबुजायला लागली. एकाने गेल्या वर्षीची गारपीट काढली. केशोराव हळूच म्हणाला, "पन वैनी, पंचमी तं गेली."

"पुनव येऊन राहिली ना? पुनवेपर्यंत चालते. उद्या या, विहिरीजवळचं नेवता दिलेलं न्या. आणि हे उपटून आनून द्या."

"देतो."

"असं नाही. नेलं तसं. बाजा लावून."

आणले! डफ वाजवत आणले! केशोराव पुढे, खाली मान घालून, खांद्यावर माझी एरंडी. मी दारात उभं राहून तिच्यावर पाणी ओवाळून टाकलं, आणि केशोरावला चहा दिला, कारण शिव्या जरा जास्तच दिल्या होत्या. योगेश्वरीने घोस एकेक करून कापले. संध्याकाळी जमुनाने वाकड्या एरंडीला नेवता दिला. मी मुद्दाम तिच्याच हातून देवविला.

१७ फेब्रुवारी

कचारगडच्या जत्रेने सगळ्या गाड्या भरून गेल्या, म्हणून सर आज मोटारसायकलवर धूळ खात आले. घोस छपरीत सुकवले होते. बोंडं तटातट फुटत होती. वरचे घोस चांगले पिकलेले निघाले, खालचे हिरवे सरांनी बाजूला ठेवले. पुरते म्हणाले.

मग मी तेल काढलं. सरांनी मला हातमोजे घालायला लावले. हातमोजे! सगळा जन्म मी या हातांनी एरंडी कुटली. योगेश्वरी म्हणाली, "आजी, कुटलेल्या बीची धूळ चांगली नसते. घाल." घातले. मुसळ सटकत होतं. मी सगळा वेळ चिडत होते आणि ते दोघे सगळा वेळ लिहीत होते. चिडण्याचंही लिहिलं की काय, देव जाणे.

धनेंद्र लांबून पाहत होता. मी म्हटलं, "ये ना, पानी टाक." आला. पाणी टाकलं. योगेश्वरीने "बस, बाबूजी" म्हटलं. दोघांत एवढंच बोलणं झालं.

५ मार्च

निकाल आला. माझं तेल शंभरात पंच्याऐंशी.

पंच्याऐंशी! यंत्राला शहाऐंशी आणि मला पंच्याऐंशी! मी विचारलं, माझा एक मार्क कोणी खाल्ला? योगेश्वरी फोनवर हसत सुटली. "आजी, हे सारखंच असते. मोजताना एवढं मागंपुढं होते. उकळून औषध मरत नाही, आणि जहर तर तुझ्या तेलात सापडलंच नाही. हेच पाहिजे होतं." सारखं कसं? एक मार्क म्हणजे एक मार्क.

त्यावर कहर म्हणजे सरांनी पडताळ्यासाठी दुकानातलं एरंडेलही तपासलं, बाटलीतलं. त्याला सत्त्याऐंशी. मला जेवण गेलं नाही. पुष्पाबाईला यातलं काही सांगणार नाही. या डायरीलाही सांगायला नको होतं.

पण काम झालं. पुढच्या महिन्यात सगळं लिहून, पुस्तक बांधून कॉलेजात देते म्हणाली. पोरीचा आवाज असा होता की मी फोन ठेवल्यावरही कानाला धरून बसले.

२० मार्च, रविवार

होळी नीट पेटली. दांडा वाकडा होता, पण नेवत्याचा होता. केशोरावच्या ताटात पहिली पोळी मी वाढली. तो म्हणाला, "वैनी, झूट नव्हतो बोललो मी." मी म्हटलं, "खा मुकाट्यानं." आणि तूप घातलं.

आज सकाळी वाडीत गेले. तांबडीच्या खुंटाला कोंब फुटले आहेत, लाल, बोटाएवढे. आणि खुंटाभोवती कोणीतरी काट्यांचं कुंपण घातलं आहे, चांगलं विणून, दोरीने बांधून. अशी गाठ या घरात एकच माणूस मारतो. मी ती गाठ बराच वेळ पाहिली. केशोराव म्हणाला होता ते दाखवलेलं बोट आठवलं, दुसऱ्यांदा घेतलेली वांग्याची भाजी आठवली.

मी धनेंद्रला काही विचारलं नाही. चहा केला. पहिला कप जमुनाला दिला, दुसरा मी घेतला, आणि त्याला सगळ्यात शेवटी, थंड झाल्यावर दिला. त्याने तो तसाच पिऊन टाकला.

मग त्याच्या फोनवर वारासिवनीवाल्यांचा फोन आला. उत्तर पाहिजे, बुधवारी येतो म्हणतात. आणि सरही बुधवारीच येतात, कॉलेजच्या मोठ्या मॅडमना घेऊन, कोंब पाहायला आणि तेल काढताना पाहायला. धनेंद्र माझ्याकडे पाहत उभा राहिला. "त्याईले काय सांगू, माय?"

"या म्हन. उत्तर पोरगीच देईन. आणि तू त्या दिवशी शेतात जायचं नाही. खुंटाजवळ खाट टाकून बस, आणि मॅडमले तूच सांग, झाड कसं जपलं ते."

तो मान खाली घालून "हो" म्हणाला.

तर बुधवार, तेवीस तारीख. दोन्ही पाहुणे येतो म्हणाले आहेत. भज्यात या वेळी मीठ एकदाच.